२९ आठवड्यांची मुलगी, सहाव्या वर्षीची झोप

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमची मुलगी २९ आठवड्यांत जन्मली. वजन १०८० ग्रॅम. ५२ दिवस काचेच्या पेटीत होती. आता सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. संध्याकाळी साडेसातलाच पेंगायला लागते आणि पहाटे साडेचारला उठून बसते. रात्रभर तळमळते, लाथा मारते, दोन-तीनदा जागी होते. तोंड उघडं टाकून झोपते, थोडी घोरतेही. वर्गात लक्ष नसतं, असं बाई सांगतात. मी सवय लावली नाही म्हणून हे झालं, असं घरच्यांचं म्हणणं. लवकर जन्मण्याशी याचा संबंध आहे का? आणि पुढे तब्येतीवर परिणाम होईल का?”

ताई, संबंध आहे. आणि तुम्ही सवय लावली नाही म्हणून हे झालेलं नाही, हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत, पण त्या चारही एका पिशवीत घालू नका. लवकर झोपून पहाटे उठणं ही बहुधा तिची घडणच आहे. रात्रीच्या लाथा आणि उघडं तोंड टाकून घोरणं या दोन गोष्टी तपासायला हव्यात, त्याही या महिन्यातच. वर्गात लक्ष न लागण्याचं मूळ पुष्कळदा या दोन गोष्टींतच सापडतं. म्हणून लक्षाचं काय करायचं हा विचार शेवटी करायचा, आधी नाही.

मी बावीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते आहे. घरी गेलेल्या बाळांना पुढे शाळेच्या वयापर्यंत तपासतेही. फॉलोअपला आम्ही काय बघतो? वजन, डोक्याचा घेर, डोळे, कान, चालणं, बोलणं. झोपेचा रकाना आमच्या कागदावर कित्येक वर्षं नव्हताच. आईच सांगायची, “झोपतच नाही हो,” आणि आम्ही म्हणायचो, “होईल हळूहळू.” बऱ्याच मुलांचं होतंही. पण ज्यांचं होत नाही त्यांची चार-पाच वर्षं त्या ‘हळूहळू’त निघून जातात, आणि त्याची खंत मला आहे. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मली असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक ३२ ते ३७ आठवड्यांमधली असतात. तुमच्या मुलीसारखी ३२ च्याही आत जन्मलेली त्या मानाने थोडी, पण आता ती मोठ्या संख्येने जगतात आणि शाळेत जातात. त्यांच्या झोपेविषयी कुणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झोपेची सुरुवात पोटातच होते. साधारण २८ ते ३० आठवड्यांच्या सुमाराला बाळाच्या झोपेचे दोन प्रकार वेगळे ओळखू यायला लागतात. एक चळवळी झोप: मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, हातपाय झटकतात, श्वास कमीजास्त होतो. आजी म्हणते, “सटवाई हसवतेय,” ती हीच झोप. दुसरी शांत झोप, एका लयीतली. या वयात चळवळी झोपेचाच वाटा मोठा असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो निम्म्यावर येतो, मोठ्या माणसात पाचव्या-चौथ्या हिश्श्यावर. डोळ्यांकडून, कानांकडून, त्वचेकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा याच काळात याच झोपेत पक्क्या होत असतात. पोटातलं बाळ दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलं असतं ते आळसाने नाही, त्याचं काम चाललेलं असतं. शिवाय बाळाला स्वतःचं घड्याळ अजून नसतं. आईचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक, वारेतून त्याच्यापर्यंत पोचतं. आईच्या अंगाची ऊब, तिची जेवणं, तिचं उठणं-निजणं यांतून दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्याला कळत राहतं.

तुमच्या मुलीची ही शिकवणी २९ व्या आठवड्यात थांबली. उरलेल्या आठवड्यांतले बहुतेक तिने ट्यूबलाइटखाली आणि मॉनिटरच्या पीं-पीं आवाजात काढले. नवजात विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं अमेरिकन बालरोग अकादमीने १९९७ मध्येच सांगितलं आहे. आमच्या विभागात पहिल्यांदा मीटर लावला तेव्हा पेटीची दारं लावतानाच काटा त्याच्या पुढे गेला होता. एक दृश्य मला अजून आठवतं. पहाटेचे तीन वाजले होते. एक बाळ रडून रडून आत्ताच कुठे शांत झोपेत गेलं होतं, हाताची मूठ सुटली होती, मॉनिटरवरचे आकडे पहिल्यांदाच स्थिर झाले होते. आणि ठरलेली वेळ झाली म्हणून मी त्याच्या टाचेला सुई टोचली. ते रक्त सहा वाजता घेतलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा हा विचारच डोक्यात येत नसे.

आता पुष्कळ ठिकाणी पद्धत बदलली आहे. डायपर, तापमान, रक्त, दूध ही कामं एकदम उरकतात आणि मध्ये बाळाला सलग झोप देतात. पेटीवर जाड सुती कापड टाकतात, रात्री दिवे मंद करतात. दिवस-रात्रीप्रमाणे उजेड ठेवल्यास वजन बरं वाढतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पुरावा फार भक्कम नाही, पण करायला खर्च नाही आणि त्रासही नाही. सगळ्यांत मोठी गोष्ट कांगारू मदर केअर. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. पुढे इस्रायलमध्ये, ज्या बाळांना असं दोन आठवडे रोज छातीशी ठेवलं होतं त्यांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. त्यांच्या झोपेची घडी दहाव्या वर्षीही जास्त नीट बसलेली दिसली. तुम्ही तेव्हा तिला छातीवर घेऊन तासन् तास बसला असाल, तर ते तिच्या हाडीमाशी गेलेलं आहे. आणि बसू दिलं नसेल, तर तो दोषही तुमचा नाही.

आता लवकर झोपण्याचं. फिनलंडमध्ये हेलसिंकीला दीड किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास झाला आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, शाळकरी वयाच्या मुलांच्या घरी जाऊन, डोक्याला तारा लावून झोप मोजली गेली. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी निघाली: ही मंडळी पहाटेची. झोपतात लवकर, उठतातही लवकर. बाझेलच्या मुलांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. रात्री जाग येण्याचं प्रमाण जास्त होतं आणि गाढ झोपेचा वाटा थोडा कमी होता. म्हणजे तुमच्या मुलीचं साडेसातला पेंगणं हे तिच्या घड्याळाचं बोलणं आहे. पाहुणे आलेत, मालिका चालू आहे म्हणून तिला साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवलंत, तर ती सकाळी उशिरा उठणार नाही. साडेचारलाच उठेल आणि दोन तासांची झोप बुडेल. घड्याळ दामटून बदलत नाही.

हिशेब मात्र करून बघू. साडेसात ते साडेचार म्हणजे नऊ तास अंथरुणात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३. नऊ तासांतून तळमळीचे, जाग आल्याचे वजा केले की ती आठच्या आसपास येते. वेळ तिची आहे, पण बेरीज कमी पडते आहे. म्हणून पहाटेकडचा भाग वाढवायचा प्रयत्न करा. तिच्या खोलीची खिडकी पूर्वेला असेल तर जाड पडदा लावा. पहाटे ती उठली तरी दिवा, टीव्ही, मोबाइल काही नाही. अंधारात कुजबुजत बोला, पाणी द्या, पुन्हा आडवी करा. पहाटे कार्टून मिळतं हे कळलं की तिचं घड्याळ त्या वेळेलाच घट्ट होतं. संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत तिला अंगणात, गच्चीवर, मोकळ्या उजेडात खेळू द्या. पहाटेचे घड्याळ मागे सरकवायला संध्याकाळचा उजेड मदत करतो. यातून पाऊण तास जरी वाढला तरी पुष्कळ झालं.

बाईंना एक विचारा: लक्ष नसतं ते नेमकं किती वाजता? महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. रात्री उशिरा झोपणाऱ्या मुलांचं त्याने भलं झालं. पण तुमची मुलगी शाळेत पोचते तेव्हा तिला उठून साडेचार तास झालेले असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर ती विझत असेल, तर ते हट्ट नाही आणि बुद्धीचाही प्रश्न नाही. अवघड विषय पहिल्या दोन तासांत घेता येतो का, ते बघायला सांगा. चांगल्या बाई ऐकतात.

आता श्वासाचं, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात ८ ते ११ वर्षांच्या मुलांची झोपेतली श्वासाची तपासणी झाली. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण इतरांच्या तीन ते पाच पट निघालं. दुसरा अभ्यास तुमच्या जास्त जवळचा आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ५०० ते १२५० ग्रॅम वजनाने जन्मलेल्या मुलांची ५ ते १२ या वयात झोप तपासली आणि २०१४ मध्ये निकाल छापले. सुमारे १० टक्के मुलांत झोपेत श्वासनलिका बंद पडण्याचा आजार होता. सर्वसाधारण मुलांत तो १ ते ५ टक्क्यांच्या घरात असतो. या अभ्यासाचं मुख्य काम वेगळं होतं. पेटीत असताना श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळांना आम्ही कॅफिन देतो. तुमच्या मुलीलाही दिलं असेल. त्या कॅफिनने पुढे झोप बिघडते का, हे बघायचं होतं. नाही बिघडत. पुष्कळ आया मला हे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

श्वास का अडखळतो याची कारणं अनेक. लवकर जन्मलेल्या मुलांचा जबडा आणि घशाची जागा लहान राहते. तोंडात श्वासाची नळी बरेच दिवस असेल तर तोंडातला वरचा टाळा उंच आणि अरुंद होतो. एका कुशीवर बरेच दिवस ठेवल्याने डोकं लांबट होतं, चेहरा निमुळता होतो. श्वासावर ताबा ठेवणारी मेंदूतली केंद्रं जरा कच्ची असतात. आणि त्यात पाचव्या-सहाव्या वर्षी सगळ्याच मुलांचे टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. मुळात अरुंद असलेल्या बोळात तेव्हाच गर्दी होते.

एक मुलगा सांगते. ३० आठवड्यांत जन्मलेला, तेव्हा आठ वर्षांचा. वर्गात बसत नाही, वही पूर्ण करत नाही, चिडतो. एके ठिकाणी त्याला चंचलतेची गोळी सुरू झाली होती. मी स्वतः त्याला सहा महिन्यांपूर्वी बघितलं होतं. चष्म्याचा नंबर विचारला होता, वजन केलं होतं, झोप विचारली नव्हती. या वेळी निघता निघता आईने पदराआडून मोबाइल काढला. “मॅडम, हे जरा बघता का?” सत्तेचाळीस सेकंदांची चित्रफीत. झिरोच्या पिवळ्या दिव्यात गोधडीवर एका कुशीवर झोपलेला मुलगा, गुडघे पोटाशी, मान पार मागे टाकलेली. घोरतो आहे. मग आवाज थांबतो. पंखा ऐकू येतो, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं, आणि कॅमेऱ्यामागून आईचा हळू आवाज: “एक, दोन, तीन…” छाती-पोट हलतंय, बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय, पण नाकातोंडातून हवा जात नाही. अकरापर्यंत मोजलं तिने. मग एक मोठा आचका, अंगाला हिसका, आणि तो जागा न होता दुसऱ्या कुशीवर वळला. ती म्हणाली, “पेटीतून घरी आणला तेव्हापासून रात्री पाठीवर हात ठेवूनच झोपते. मला वाटलं, मलाच भीतीची सवय लागलीय.”

रात्रभराची झोपेची तपासणी केली. श्वास तासाला कित्येक वेळा अडत होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले. अशा मुलाला आम्ही त्या रात्री मॉनिटर लावून ठेवूनच घेतो, संध्याकाळी घरी पाठवत नाही. दोन महिन्यांनी आई आली. म्हणाली, पहिल्या दोन रात्री मलाच झोप आली नाही, इतकं शांत होतं. मुलगा वर्गात पूर्वीपेक्षा बरा बसायला लागला, अंथरूण ओलं होणं थांबलं, गोळी पुढे बंद करता आली. गणितात तो अजून मागे आहे. ते श्वासाचं नव्हतं, त्याला वेगळी मदत लागते आणि ती चालू आहे. शस्त्रक्रियेने सगळं सुटतं असं मी कुणालाच सांगत नाही. आणि प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला शस्त्रक्रिया लागतही नाही. काहींना नाकातल्या फवाऱ्याने आणि ॲलर्जीच्या उपचारानेच आराम पडतो. पण तुमच्या मुलीचं तोंड उघडं राहतं आणि घोरणं आहे. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री ती घोरत असेल, तर तिचा घसा-नाक तपासून घ्या आणि झोपेच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा.

रात्रीच्या लाथांकडे वळते. बाळाच्या अंगातला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. ज्याला ते महिने मिळालेच नाहीत त्याची कोठी जन्मतःच रिकामी. म्हणून आम्ही या बाळांना पहिल्या काही आठवड्यांतच लोहाचे थेंब सुरू करतो. पुढे वर्षभराने ते थांबतात आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटतं. मेंदूत लोह कमी पडलं की पायांत अस्वस्थता येते. सहा वर्षांची मुलगी ती “मुंग्या” किंवा “पाय दुखतात” म्हणून सांगते, आणि रात्री पाय झटकते. पाय चेपून दिले की तिला बरं वाटतं का, ते आठवून बघा. इथे हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. ते १२ असूनही साठा कमी असू शकतो. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला घटक, तपासा, आणि ताप-सर्दी असताना नाही, कारण तेव्हा ते खोटं वाढलेलं येतं. प्रयोगशाळेच्या कागदावर २० सुद्धा ‘नॉर्मल’ छापलेलं असेल. पण पायांच्या या त्रासात ५० च्या खाली असेल तर लोह देऊन बघावं असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, लोह जास्त झालेलंही चालत नाही. आणि सकाळची चहा-चपाती बंद करा. चहा लोहाला आतड्यातच अडवतो. चपातीबरोबर गूळ-तूप द्या, पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, खात असाल तर मटण-मासे द्या.

पुढच्या तब्येतीबद्दल तुम्ही विचारलंत. घाबरवत नाही, पण लपवतही नाही. फार लवकर जन्मलेल्यांचा रक्तदाब मोठेपणी इतरांपेक्षा सरासरी किंचित जास्त असतो, वरचा आकडा अडीच-तीनने. एकट्या माणसाला तो जाणवणारही नाही. पण झोप तुटकी असणं, श्वास अडखळणं, वजन वाढणं हे त्यात मिसळत गेलं तर चाळिशीत हिशेब वेगळा होतो. म्हणून ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाचा रक्तदाब तीन वर्षांच्या आधीपासूनच दर भेटीत मोजावा, असं अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या सूचनेत आहे. तुमच्या मुलीचा शेवटचा कधी मोजला? बहुधा कुणीच मोजला नसेल. लहान मुलाचा पट्टा वेगळा असतो. मोठ्यांचा पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा धरू नका.

लक्षाबद्दल म्हणाल, तर चंचलता आणि लक्ष न टिकणं याचा धोका वेळेआधी जन्मलेल्या मुलांत अडीच पटींच्या आसपास आहे. तेव्हा तिला खरोखरच तो त्रास असूही शकतो. पण अर्धवट झोपलेलं मूल मोठ्या माणसासारखं जांभया देत बसत नाही. ते जास्त चळवळं होतं, चिडतं, हातातलं काम सोडतं. दोन्ही दिसतात सारखेच. म्हणून क्रम चुकवू नका. श्वास आणि लोह नीट झाल्यावर तीन महिने थांबा, मग बाईंना पुन्हा विचारा. तेव्हाही तेच असेल तर लक्षाची रीतसर तपासणी करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

झोपेचं औषध म्हणून सर्दीचं सिरप देऊ नका. औषधाच्या दुकानात “गाढ झोपेल बघा” म्हणून बाटली हातात ठेवतात. सर्दीच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला. प्रोमेथाझिन हे ॲलर्जीचं, गुंगी आणणारं औषध दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास थांबवू शकतं. श्वास आधीच अडखळत असेल तर गुंगी आणणारं कुठलंही औषध सहाव्या वर्षीही आगीत तेल आहे. मेलाटोनिनच्या गोड गोळ्याही आता सहज मिळतात. ज्यांची नजर अगदी अधू आहे किंवा सेरेब्रल पाल्सी आहे अशा मुलांना मी ते मोजून देते. तुमच्या मुलीचं घड्याळ मुळातच पुढे आहे. तिला रात्री मेलाटोनिन देऊन काय साधणार? खोलीत डासांची कॉइल आणि धूप नको, मच्छरदाणी लावा.

हे ज्यांच्या घरी नुकतंच पेटीतून आलेलं बाळ आहे असेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. विभागात तुमचं बाळ पालथं झोपवलेलं बघितलं असेल. तिथे मॉनिटर लावलेला असतो. घरी पाठीवरच झोपवायचं, दिवसाही आणि रात्रीही. साडीच्या झोळीत बाळ छान झोपतं हे खरं. पण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि दोन-अडीच किलोच्या बाळाची श्वासनळी तेवढ्याने दबते. सपाट, टणक पाळणा घ्या. न्हाऊ घातल्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीच्या सालींची धुरी देणारी मावशी मायेनेच देते, पण महिनाभर प्राणवायूवर राहिलेल्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. तिला प्रेमाने नाही म्हणा, मालिश करू द्या. घुटीत झोपेसाठी जायफळाचे वेढे वाढवणं तर अजिबात नको. त्याची गुंगी ही झोप नव्हे. झोपेचं वय सुधारित वयाने, म्हणजे प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजा. २९ आठवड्यांचं बाळ जन्मानंतर पाच महिन्यांचं झालं, तर झोपेच्या दृष्टीने ते अडीच महिन्यांचंच आहे, आणि दिवस-रात्र कळायला त्याला आत्ता कुठे सुरुवात होते. शेजारच्या पाच महिन्यांच्या बाळाशी तुलना करून रडू नका. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत श्वास थांबण्याचे प्रसंग मूळ तारखेनंतरही तीन-चार आठवडे दिसू शकतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकली असेल तर आजच करा. नजरेसाठी ती हवीच, पण मेंदूच्या घड्याळाला उजेड कळतो तोही डोळ्यातूनच.

ताई, तुमच्यासाठी आता पुढचे पंधरा दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोज चार आकडे लिहा: अंथरुणात कधी, डोळा कधी लागला, रात्री किती वेळा जाग, पहाटे कधी उठली. घोरली त्या रात्री एक फुली. चित्रफीत पहाटे तीन ते साडेचारच्या मध्ये काढा, कारण श्वास सर्वांत जास्त तेव्हाच अडखळतो. फ्रॉक वर सरकवून छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, चेहराही त्याच चौकटीत हवा, आवाज चालू ठेवा, पंखा मिनिटभर बंद करा. निदान दोन मिनिटं काढा, तीन वेगवेगळ्या रात्री. आणि डॉक्टरांकडे जाताना नवजात विभागाचं डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत न्या. सहा वर्षांनी ते कुणी मागत नाही, पण नळी किती दिवस होती, प्राणवायू कोणत्या तारखेला बंद झाला आणि लोहाचे थेंब कधी सुरू केले, हे त्याच पिवळ्या पडलेल्या कागदावर लिहिलेलं असतं.